सोवळं सोडताना

आमच्या जबलपुरातल्या मराठी घरांमध्ये माझ्या सोवळ्याचा फार बोलबाला होता. चातुर्मासात कोणाकडे कुळाचाराचा नैवेद्य असला की आधीच फोन यायचा, "मंजिरी, पुरणाला तूच ये बाई. तुझ्या हातचं म्हटलं की मनात शंका नाही राहत." मी जायचे. डोक्यावरून आंघोळ, वेगळं वाळवलेलं लुगडं, आणि नैवेद्य होईपर्यंत मला कोणी शिवायचं नाही. पोरं नुसती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली तरी मी ओरडायचे. बायका म्हणायच्या, "आजकाल इतकं कोण करून राहिलं?" माझ्या सासूबाई शेजारी बसून मान डोलवायच्या. त्यांना माझा अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

त्या सगळ्यांच्या मनात शंका राहत नव्हती. शंका एकट्या माझ्या मनात होती, आणि ती काही केल्या जात नव्हती.

पुढे कळलं की हा आजार आहे. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. माझ्या भाषेत सांगायचं तर मनात एक भीती येते, ती घालवायला माणूस काहीतरी करतो, जरा वेळ बरं वाटतं, आणि भीती पुन्हा येऊन बसते. कोणाला गॅस बंद केला का याची, कोणाला कुलपाची. माझ्या वाट्याला विटाळ आला. तुमच्या घरात कोणी सारखं धूत असेल, आणि तुम्ही त्याचं टापटीप किंवा देवभोळं म्हणून कौतुक करत असाल, तर हे जरा वाचा. आमच्याकडे कौतुकापायी फार वर्षं गेली.

कुठून सुरू झालं

लग्न होऊन आले तेव्हा मी साधीच होते. सासरे फॅक्टरीतून रिटायर झालेले, नवरा संजय रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर. घरात भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. सासरे वारले, मग सासूबाईंचे गुडघे गेले, तसा सणाचा सगळा स्वयंपाक माझ्याकडे आला. सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा. पहिल्याच वर्षी सगळं छान झालं. आणि त्याच आठवड्यात आमच्या रेवाला ताप भरला. पहिलीत होती ती. डेंग्यू निघाला, ऍडमिट करावं लागलं. भेटायला आलेल्या एका मावशींनी पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून सहज म्हटलं, "सोवळ्यात काही चुकलं तर नाही नं गं?"

मावशी डबा ठेवून निघून गेल्या. रेवा बरी होऊन घरी आली, शाळेत जायला लागली. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलंच नाही. कुठेतरी काहीतरी लागलं असेल, माझ्या हातून चुकलं असेल, आणि पुन्हा चुकलं तर माझ्या पोरीला काही होईल.

आधी सणाच्या दिवशीच धुवायचे. मग रोजच्या पूजेला. मग रोजच्या पोळ्यांना. मग पोळ्या झाल्यावर, पलंगावरची चादर बदलल्यावर, दुधाची पिशवी घेतल्यावर. हात कोरडे पडून चिरा गेल्या. कामवाली टिकेना, कारण तिनं घासलेली भांडी मी तिच्यासमोर पुन्हा घासायचे. संजय कारखान्यातून यायचा, त्याचे हात ऑइलनं काळे. त्यानं अंगणातल्या नळावर हातपाय धुवायचे, तिथेच कपडे बदलायचे, मग घरात यायचं. जानेवारीच्या थंडीतही. तो तेही करायचा. "जाऊ दे नं आई, तेवढ्यानं तिला बरं वाटतं," असं सासूबाईंना सांगायचा.

आणि रेवा. ती शाळेतून आली की दारात उभी राहायची आणि विचारायची, "आई, शिवू का?" सोवळ्यातल्या बाईला पोरं असंच विचारतात. फरक एवढाच की माझं सोवळं कधी सुटतच नव्हतं.

नर्मदेवरून

एकदा सोमवती अमावस्येला सासूबाईंना घेऊन ग्वारीघाटावर गेले. दोघींनी नर्मदेत बुडी मारली, दिवे सोडले. घरी आल्यावर मी सरळ बाथरूममध्ये गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. गर्दीत कोणाकोणाचा धक्का लागला होता, ऑटोची सीट कशी होती कोणास ठाऊक.

बाहेर आले तर सासूबाई बाथरूमसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. "अगं बाप्पा," त्या म्हणाल्या, "नर्मदेवरून आल्यावर कोणी आंघोळ करते का?"

मी हसण्यावारी नेलं. त्याही हसल्या. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान नव्हता.

त्यानंतर कोरोना आला, आणि खरं सांगते, माझी चंगळ झाली. सगळं जग हात धुवायला लागलं. टीव्हीवर कसे धुवायचे ते दाखवून राहिले होते. शेजारच्या दुबे भाभी फाटकातून ओरडून म्हणाल्या, "आप तो पहले से सही थीं, भाभीजी." मला वाटलं, बघा, मीच शहाणी. मग कोरोना ओसरला, लोकांनी सॅनिटायझरच्या बाटल्या कपाटात टाकल्या आणि पाणीपुरी खायला लागले. मी तिथेच राहिले. त्याच्याही पुढे गेले होते.

अंगणातला नळ

रेवा सातवीत होती. मी स्वयंपाकघरात उभी होते, खिडकीतून अंगण दिसतं आमचं. फाटक वाजलं आणि रेवा लंगडत आत आली. एका गुडघ्यातून रक्त वाहत होतं, मोजा लाल झाला होता. सायकलवरून पडली होती. रडत होती. मला वाटलं आता दारात येईल, हाक मारेल.

ती नळापाशी गेली. दप्तर लांब ठेवलं. नळ सोडला, गुडघा पाण्याखाली धरला, आणि तोंड दाबून रडत रडत धुवायला लागली. मग हात धुतले, कोपरापर्यंत, मी धुते तसेच. मग दारात येऊन म्हणाली, "आई, मी धुऊन घेतलं. सच्ची. आता शिवू का?"

मी तिला जवळ घेतलं नाही. घेऊ शकले नाही. गुडघ्याच्या खरचटलेल्या जागेत रस्त्याची माती होती आणि मला ती मातीच दिसत होती. पट्टी सासूबाईंनी बांधली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझे हात माझ्याच अंगापासून लांब धरले होते.

संजय घरी आल्यावर मी त्याला नळावर जाऊ दिलं नाही. फाटकातच गाठलं आणि म्हटलं, "मला कोणाला तरी दाखव. मला काहीतरी झालं आहे. माझी मुलगी मला घाबरते."

तो तसाच काळ्या हातांनी पायरीवर बसला आणि रडला. इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस. मी त्याच्या शेजारी बसले नाही, पण आतही गेले नाही. त्या दिवशी तेवढंच जमलं.

सिविल लाइंसमधला दवाखाना

मानसोपचाराच्या डॉक्टर म्हणजे बाप रे, असं आमच्याकडेही होतंच. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून मी तोंडाला ओढणी गुंडाळून गेले. आणि वेटिंगमध्ये आमच्याच कॉलनीतले एक काका बसलेले. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. ते म्हणाले, "पंखे के नीचे बैठ जाइए, बेटा, इधर हवा नहीं आती." बस. एवढंच. तेव्हापासून मी ओढणी गुंडाळली नाही.

सासूबाई हट्टानं सोबत आल्या होत्या. त्यांना भीती होती की डॉक्टर देवधर्म बंद करायला सांगतील. आत गेल्यागेल्या त्यांनीच सुरू केलं, "मॅडम, मेरी बहू को कुछ नहीं हुआ. वो बस सोवळा बहुत करती है. भगवान का करना बीमारी है क्या?"

डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी सोवळं म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं. मग सासूबाईंनाच विचारलं, "माताजी, आपने भी किया होगा बरसों?"

"हां, चालीस साल."

"नहाकर, साफ कपड़ा पहनकर खाना बनाती थीं?"

"हां."

"फिर?"

सासूबाई गोंधळल्या. "फिर क्या? नैवेद्य दिखाया, हो गया. फिर सबने खाना खाया."

"इनका कभी 'हो गया' होता है?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मी खाली मान घालून माझ्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी मराठीतच मला विचारलं, "काहून गं, तुला बरं नाही वाटत का, पूजा झाल्यावर?"

मी म्हटलं, "नाही आई. एकदाही नाही."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "मला वाटे तू देवासाठी करून राहिली," त्या म्हणाल्या. मग मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. ते ऐकून मी रडेन असं मला वाटलं होतं. उलट मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी वाईट नव्हते, वेडी नव्हते, पापी नव्हते. आजारी होते, आणि समोरच्या बाईंनी असे आजारी पुष्कळ पाहिले होते.

मावशींची गोष्ट सांगितली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, त्यांना दोष देऊ नका. त्या बोलल्या नसत्या तरी या आजारानं दुसरं काही धरलं असतं.

गोळी आणि चहा

गोळीबद्दल लोक फार विचारतात. तोंड कोरडं पडायचं, सुरुवातीला पेंग यायची, आणि बरेच दिवस काहीच फरक वाटला नाही. मी म्हटलं, गेले पैसे पाण्यात. मग हळूहळू डोक्यातला आवाज खाली आला. बंद नाही झाला, पण त्याच्यावरून दुसरं काही ऐकू यायला लागलं. मनानं गोळी बंद करू नका, मी एकदा केली आणि चांगलीच आपटले.

खरं काम गोळीच्या पुढे होतं. दर आठवड्याला मॅडमसमोर बसायचं. त्या म्हणायच्या, "दरवाज़े का हैंडल छूइए." मी बोट लावायचे. "बोट नाही, हात." म्हणजे त्या हिंदीत म्हणायच्या, पण मला मराठीतच आठवतं. आधी त्या स्वतः धरायच्या, मग मी. मग दोघी खुर्चीवर बसायचो आणि चहा यायचा. त्याच हातानं कप धरायचा. धुवायचं नाही.

पहिल्या वेळी मला दरदरून घाम फुटला. रेवाला काहीतरी होऊन राहिलं आहे असं वाटत होतं. मी म्हटलं, "मैडम, मुझे घर जाना है." त्या म्हणाल्या, "जाइए. पर चाय पीकर." आणि त्यांनी स्वतःच्या कपातला घोट घेतला. चहा निवत गेला, मी बसून राहिले, आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी खिडकीबाहेरच्या चिंचेवरची माकडं बघून राहिले आहे. भीती होती, पण मी काही न करताच ती खाली बसली होती. इतक्या वर्षांत मी तिला अशी आपोआप उतरताना कधी पाहिलंच नव्हतं. मी दर वेळी आधीच उठून धुवायचे.

उत्तर द्यायचं नाही

मग मॅडमनी घरच्यांना बोलावलं. मी दिवसभर सगळ्यांना विचारायचे, "झालं नं नीट? कुठे लागलं तर नाही नं?" आणि सगळे म्हणायचे, "हो हो, झालं." मॅडम म्हणाल्या, हे बंद. हा "हो" म्हणजेही साबणच आहे. आणि संजय अंगणात हातपाय धुणार नाही, सरळ घरात येईल.

घरात महाभारत झालं. मी विचारायचे, कोणी उत्तर देत नसे. सासूबाईंना तर प्राणांतिक व्हायचं. मी "आई, सांगा नं" म्हटलं की त्या लगबगीनं उठून जास्वंदीची फुलं तोडायला जायच्या. संध्याकाळीही. झाडाला कळी राहिली नाही. संजय एकदा तसाच घरात आला आणि सोफ्यावर बसला, तर मी पाण्याचा तांब्या भिरकावला. तोही पहिल्यांदा ओरडला, "घर आहे का हे? मी माणूस आहे का नाही?" रेवा खोलीत जाऊन दार लावून बसली.

मी हे लपवत नाही, कारण तुमच्याकडेही होईल. बरं होताना घर आधी बिघडतं. तेव्हा वाटतं, आधीचंच बरं होतं, सगळे गप्प तरी होते. आमचा संजय दुसऱ्या दिवशी खोव्याची जिलेबी घेऊन आला आणि पुडा सोफ्यावर, बरोब्बर त्याच जागी ठेवला. "खायची तर इथे बसून खा," म्हणाला. मी बसले. मेल्याला माझी जिलेबीची हाव माहीत आहे.

रेवाला मॅडमनी समजावलं होतं की आता विचारायचं नाही, सरळ यायचं. ती मान डोलवायची. पण सवय कुठे जाते. जवळ यायची आणि हात हवेतच थांबवायची. मीच पुढे होऊन तो धरायचे. कधी जमायचं, कधी नाही.

जेवणाचा दिवस

महालक्ष्म्या जवळ आल्या तशी माझी झोप उडाली. मी म्हटलं, यंदा स्वयंपाक आचाऱ्याकडून करून घेऊ. सासूबाई निवडायची मेथी बाजूला ठेवून म्हणाल्या, "स्वयंपाक तूच करशील. पण सोवळ्यात नाही. सकाळी आंघोळ करायची, धुतलेली साडी नेसायची, संपलं."

"आई, देवीला चालेल?"

"हे मला नको विचारू," त्या म्हणाल्या. "मी उत्तर देत नसते."

त्या दिवशी मी ओट्यापाशी उभी होते. सोळा भाज्या झाल्या होत्या, पुरण वाटून झालं होतं, पोळ्या लाटायला घेतल्या होत्या. सासूबाई खुर्चीवर बसून उंडे करून देत होत्या. रेवाची शाळेत टेस्ट होती, ती दुपारी आली. युनिफॉर्म, मोजे, ऑटोतून उतरून सरळ. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि थांबली. पुरणाचा वास, धुतलेली साडी, सगळं तसंच होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, शिवू का?"

माझं मन म्हणालं, आज नाही. रोज शिवू दे, पण आज एक दिवस नको. देवीचं आहे, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. इतकं समजूतदारपणे बोललं माझं मन, की बाहेरच्या कोणालाही पटलं असतं.

मी लाटणं ठेवलं. उंबऱ्यापाशी गेले आणि कणकेच्या दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. घामेजलेला, धुळीचा, माझ्या पोरीचा चेहरा. तिच्या गालांवर कणीक लागली. ती आधी ताठ उभी राहिली आणि मग तिनं दोन्ही हात माझ्या कमरेला घातले. दप्तर पाठीवरच होतं. किती वर्षांनी ती अशी बिलगली होती. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

परत ओट्यापाशी आले. नळ समोरच होता. मी नळाकडे बघितलं. सासूबाईंनी ते पाहिलं. उंडा पोळपाटावर ठेवला आणि पोळपाट माझ्याकडे सरकवला.

मी लाटायला घेतलं.

नैवेद्य झाला, जेवणं झाली. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या तेव्हा एकीनं विचारलंच, "काकू, यंदा मंजिरीचं सोवळं कसं काय झालं?"

"सोवळं नाही केलं यंदा," सासूबाई तिला कुंकू लावत म्हणाल्या. "सून बरी आहे आमची. घ्या, ओटी घ्या."

आणि त्याच आठवड्यात

रेवाला सर्दी झाली. झालीच, काय करणार, भाद्रपदात अर्ध्या जबलपूरला होते. पण माझ्या डोक्यात पुन्हा सुरू झालं. तेच वाक्य, तोच आवाज, पलंगाच्या पायथ्याशी उभा. सोवळ्यात काही चुकलं तर नाही नं गं?

मी सासूबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि फुलांची परडी उचलली. मला एकदम हसू आलं. मी काही न विचारता परत फिरले आणि आल्याचा काढा टाकला. भीती माझ्याबरोबर आली, बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. राहू दिली. अजूनही येते ती, पावसाळ्यात जास्त येते. गोळी चालू आहे, मॅडमकडे जाणं चालू आहे, आता महिन्यातून एकदा.

मी काढा गाळत होते तेवढ्यात रेवा शिंकत शिंकत मागून आली. काही विचारलं नाही, थांबली नाही. माझा पदर ओढला आणि त्याला खुशाल नाक पुसलं.

"अगं घाणेरडे," मी ओरडले, "रुमाल कुठे गेला तुझा?"

ती खिदळत पळाली. पदर मी संध्याकाळी धुवायला टाकला, बाकीच्या कपड्यांबरोबर.